अंजिराचे झाड आणि परसबागेची बैठक

शास्त्रपाठ : लूक १३:१-९. सोबत वाचावे : लेवीय १९:२३-२५, इब्री १०:२४-२५.



अंजिराच्या झाडाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. शब्बाथ शाळेत तो चित्र दाखवून शिकवतात, आणि वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत तर तो हटकून येतो. एक वर्ष सरले, धन्याने आणखी एक वर्ष दिले, तरी सावध व्हा. मी स्वतः ३१ डिसेंबरच्या रात्री निदान चार वेळा याच भागावर बोललो आहे. परंतु हा दाखला मला थोडाफार उमगला तो व्यासपीठावर नव्हे. एका खेड्यातील परसबागवाल्यांच्या बैठकीत उमगला, आणि तोही माझी चांगलीच फजिती होऊन.

बेळगावहून खानापूरच्या बाजूला तांबड्या मातीचे ते एक लहान गाव आहे. घरामागच्या जागेला तिकडे परडे म्हणतात. २०२० साली टाळेबंदीत आठवड्याचा बाजार बंद पडला, भाजी मिळेना, तेव्हा पाच-सहा बायकांनी एकमेकींच्या परड्यातील बी वाटून घेतले. त्यातून ही बैठक सुरू झाली ती आजवर चालू आहे. तिला नाव नाही, पाटी नाही, अध्यक्ष नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई वहीत हजेरी लिहितात, एवढाच काय तो कारभार. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, ऊन उतरल्यावर, पाळीपाळीने एकेकाच्या परड्यात जमायचे. मराठ्यांची घरे आहेत, लिंगायतांची आहेत, दोन मुसलमान घरे आहेत आणि तीन आपली. त्या तीन घरांसाठी मी महिन्यातून एका रविवारी उपासनेला जातो, आणि आदल्या संध्याकाळी मुक्कामाला पोहोचतो. २०२३ च्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी गेलो तर तिन्ही घरांना कुलूप. सगळे बैठकीला गेले होते. मग मीही गेलो.

तेथला पहिला नियम ऐकून मी चकित झालो. ज्याच्या घरी बैठक, त्याने बिघडलेले आधी दाखवायचे. फळांनी लगडलेल्या दोडक्याच्या मांडवाखाली पाहुण्यांना नेऊन उभे करण्याचा मोह कोणाला होत नाही? पण तो मांडव शेवटी. प्रथम मरायला टेकलेले रोप. इतरांनीही येताना काहीतरी दुखणाईत घेऊन यायचे. पिवळे पडलेले पान, आगपेटीतून किडा, नाहीतर कडू निघालेली काकडी. हल्ली मोबाइलवर छायाचित्र काढून दाखवता येते, पण बाई ते चालू देत नाहीत. पान हातात घेऊन उलटे केल्याशिवाय मावा दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे.

त्या दिवशी एका आक्कांनी मिरचीची आकसलेली पाने आणली होती. चुरडा-मुरडा. ती हातोहात फिरली. किडीचे काम असेल तर अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी गाळून दहा लिटर पाणी करावे आणि पानांच्या खालच्या बाजूने फवारावे, असे ठरले. पण रोगाचा विषाणू रोपात शिरला असेल तर औषध नाही, ते रोप उपटून जाळावे, म्हणजे शेजारचे वाचेल. हे सांगताना कोणी आढेवेढे घेतले नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण या लेखावरून कोणी असे समजू नये की परसबागवाले नुसते मऊ मनाचे लोक असतात.

मग एका गृहस्थांचे लिंबाचे झाड निघाले. गर्द हिरवे, पुरुषभर उंच, आणि फळ एकही नाही. ते झाड तोडून तेथे शेवगा लावण्याचा त्यांचा विचार होता. त्यावर सुमारे वीस मिनिटे नुसते प्रश्न चालले होते. झाड किती वर्षांचे? बियापासूनचे की कलम? पाणी कोठले जाते? खत कोठे घालता? उत्तरे आली ती अशी : बियापासूनचे, चार वर्षांचे, न्हाणीचे पाणी बारा महिने तिकडेच वाहते, शेणखताचा ढीग बुंध्याशी. तेव्हा एक म्हातारे म्हणाले, “माजलंय ओ ते. त्याला ताण द्या.” पावसानंतर काही दिवस पाणी तोडायचे. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. पाने किंचित मलूल झाली की माती हलकेच चाळवून खत द्यायचे आणि मग पाणी. खत बुंध्याला लावायचे नाही. त्याने साल कुजते, डिंक्या होतो. अन्न घेणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली असतात, तेव्हा आळे तेथे करायचे. शिवाय बियापासूनचे कागदी लिंबू चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत फळावर येत नाही, तर एवढी घाई कशाला? झाड वाईट आहे असे त्या वीस मिनिटांत कोणी म्हटले नाही. झाडाच्या मालकालाही कोणी दोष दिला नाही.

असल्या बैठकीत उपदेशकाचे काय काम, असे कोणी विचारील. त्यांना विल्यम केरी यांची आठवण देतो. बंगालात श्रीरामपूरला राहून ज्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली मराठी कोश केला आणि पंडित वैद्यनाथ यांच्या साहाय्याने १८११ साली मराठीत नवा करार दिला, तेच केरी. महाराष्ट्रात ते कधी राहिले नाहीत, तरी आपल्या भाषेवर त्यांचे ऋण आहे. याच केरींनी १४ सप्टेंबर १८२० रोजी कलकत्त्यात शेती व बागकामाची एक सभा स्थापली. ती आजही कोलकात्यात अलीपूर येथे आहे. हिंदी गृहस्थांनाही या सभेचे सभासद होता यावे, हा आग्रह त्यांनी तिच्या पहिल्या जाहीर पत्रकातच धरला होता. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. श्रीरामपूरला त्यांची स्वतःची सुमारे पाच एकरांची बाग होती. १८२३ साली दामोदर नदीच्या पुराने ती बुडाली, आणि बासष्ट वर्षांच्या, आजारातून उठलेल्या केरींनी ती पुन्हा लावायला घेतली. १८३४ साली मरणशय्येवर असता त्यांना चिंता होती की आपल्यामागे बागेत गाई तर सोडणार नाहीत ना, असे सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. शास्त्राची भाषांतरे छापून झाली होती, ती कोणी पुसणार नव्हते. पण बागेला रोज कोणीतरी हवे असते, हे त्यांना ठाऊक होते.

आता शास्त्रभागाकडे येऊ. आपण बहुधा सहाव्या वचनापासून वाचतो, आणि तेथेच चुकतो. अध्यायाच्या आरंभी काही लोक प्रभूकडे एक बातमी घेऊन आले आहेत : पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करीत असतानाच मारले. प्रभू स्वतःहून दुसरी घटना काढतो : शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय? प्रभू दोनदा नाही म्हणतो, आणि दोनदा ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. त्यानंतर लगेच हा दाखला येतो. म्हणजे दुसऱ्याच्या पापाची मोजदाद करायला आलेल्या लोकांना हा सांगितला आहे.

द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड लावण्याची त्या देशात रीतच होती. तेव्हा हे झाड कोठे उकिरड्यावर आपोआप उगवलेले नाही, राखलेल्या, कसलेल्या जमिनीत मुद्दाम लावलेले आहे. तीन वर्षे धनी येतो आहे. फांदीपासून लावलेले अंजीर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवू लागते, हे आपल्या पुरंदरकडचे बागाईतदारही सांगतील. त्यातही काही भाष्यकार म्हणतात की लेवीय १९ प्रमाणे पहिली तीन वर्षे फळ खायचेच नसे, तेव्हा ही तीन वर्षे त्यानंतरची धरावी. कसेही धरा, धन्याने घाई केलेली नाही. त्याचे म्हणणे न्यायाचे आहे; जागा फुकट जाते आहे हेही खरे. व्यासपीठावरून धन्याला कठोर आणि माळ्याला प्रेमळ ठरवून मोकळे होणारे उपदेश मी ऐकले आहेत. तसे करू नये. माळी धन्याचे म्हणणे खोडून काढीत नाही. झाडाला फळ आहे असे तो म्हणत नाही, आणि कुऱ्हाड नकोच असेही म्हणत नाही.

तो म्हणतो, एवढे वर्ष राहू द्या. मूळ ग्रीकमध्ये येथे ‘आफेस’ हा शब्द आहे. सोडा, राहू द्या, असा त्याचा अर्थ. वधस्तंभावरून प्रभूने आपल्याला मारणाऱ्यांसाठी पित्याजवळ जी क्षमेची विनंती केली (लूक २३:३४), तिच्यातही हाच शब्द आहे. आपल्या मराठीतही ‘सोडणे’ या एका क्रियापदात दोन्ही अर्थ मावतात : झाड न तोडता सोडणे आणि ऋण सोडणे. ज्याने हा दाखला सांगितला त्यानेच पुढे ती विनंती केली, आणि तिच्यासाठी काय मोल दिले हे आपणांस माहीत आहे.

पण माळ्याचे बोलणे तेथे संपत नाही. मी खणीन, मी खत घालीन, असे तो म्हणतो. क्रियापदे मोजून पाहा. धनी येतो, पाहतो, त्याला सापडत नाही. माळी खणतो आणि घालतो. झाडाला घालण्याच्या शेणखताचा उल्लेख नव्या करारात लूकनेच केला आहे, येथे आणि १४:३५ मध्ये. ज्याने धन्याजवळ झाडासाठी शब्द टाकला, त्याने पाटीभर शेण उचलायचेही कबूल केले. प्राचीन मंडळीतील ऑगस्टीन या माळ्यामध्ये, बाहेर राहिलेल्यांसाठी आत राहून विनंती करणारे सगळे पवित्र जन पाहतो. आपण विनंती करतो खरी. प्रत्येक रविवारी ‘मंडळीपासून दूर गेलेल्यांसाठी’ प्रार्थना होते, आणि मग आपण चहा घेऊन घरी जातो.

आता माझी फजिती सांगतो. लिंबाच्या झाडाविषयी प्रश्न चालले होते तेव्हा मांडवाच्या कडेला एक ओळखीचे गृहस्थ मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन बसले होते. मी त्यांना येथे काका म्हणतो. त्यांचा बाप्तिस्मा आमच्याच मंडळीत झाला. देऊळ बांधले तेव्हा त्यांच्या वडिलांनी दगड वाहिले. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, त्यांची पत्नी वारली. पुरायला चार माणसे होती, आणि त्या चारांत मी नव्हतो. भीती सगळ्यांनाच होती, तेव्हा त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून ते देवळात आले नाहीत. डब्यात त्यांच्या पत्नीने धरून ठेवलेले बी होते. काकडी, दोडका, वाल, लाल माठ. राख लावून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या पुड्या, आणि प्रत्येकीवर तिच्या अक्षरात नाव. बी फार वर्षे नुसते ठेवले तर त्याची उगवण कमी होत जाते, पेरावेच लागते. काकांना बागेतले काही कळत नव्हते, म्हणून ते बैठकीला येऊ लागले होते.

मला पाहून ते मोठ्याने म्हणाले, “काय ओ मास्तर, आज पावतीपुस्तक विसरला की काय?”

सगळे हसले, मीही हसलो. रात्री झोप येईना तेव्हा आठवून पाहिले. २०२१ चा नाताळ, २०२२ ची पावसाळी वर्गणी, आणि त्याच वर्षीचा पेरणीचा हंगाम. काकांच्या दारात मी तीनदा गेलो होतो, आणि तिन्ही वेळा वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन. फळ शोधीतच गेलो होतो. त्याहून वाईट असे की, त्या रात्री माझ्या पिशवीत एक कागद होता. सलग तीन वर्षे उपासना नाही आणि वर्गणी नाही अशांची नावे सभासदयादीतून काढावी, असा आमच्या मंडळीचा नियम आहे. मी कमिटीचा चिटणीस. फेब्रुवारी २०२४ च्या सभेसाठी तयारी म्हणून मी चार नावे आधीच काढून ठेवली होती. दुसरे नाव काकांचे.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर बाईंकडे वही पाहायला मागितली. काकांची हजेरी जवळजवळ सलग होती. मध्ये दोन महिने नव्हती, आणि त्यानंतरच्या महिन्यापुढे लिहिले होते : काकांच्या परड्यात, पाळी नसताना. मी विचारले तेव्हा कळले की ते दोनदा आले नाहीत, म्हणून मंडळी खुरपी घेऊन त्यांच्याकडेच गेली. का आला नाही असे कोणी विचारले नाही. गवत काढले, दोडक्याला मांडव करून दिला. काकांनी चहा केला. बस्स.

इब्री १०:२५ हे वचन, एकत्र जमणे सोडू नये म्हणणारे, मी न येणाऱ्यांना पुष्कळदा ऐकवले आहे. त्याच्या आधीचे चोविसावे वचन मात्र येणाऱ्यांसाठी आहे, आणि एकमेकांकडे लक्ष द्या, हे त्याचे सांगणे आहे. परड्यातल्या बैठकीत लोक एकमेकांची वाळलेली रोपे पाहतात. आपण देवळात धुतलेले कपडे घालून येतो, ते योग्यच आहे. पण साक्षीच्या सभेत आपण सगळे दोडक्याचा मांडवच दाखवतो. ज्याच्या परड्यात त्या वर्षी काहीच उगवले नाही, त्याने कोठे बसावे?

कमिटीत मी काकांचे नाव मागे घेतले. एका वडिलांनी लगेच हरकत घेतली, आणि ती रास्त होती : मास्तरांची ओळख आहे म्हणून एक नाव राहील, मग बाकीच्या तिघांनी काय केले? शेवटी चारही नावे एक वर्ष ठेवायचे ठरले. तेच वडील मग म्हणाले, “आणि खणणार कोण?” खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. ठरावात शेवटी असे लिहिले : दरमहा दोघांनी जावे, पावतीपुस्तक नेऊ नये, देवळाचा विषय आपण काढू नये, समोर जे काम असेल त्याला हात लावावा.

वर्षाने काय झाले ते जसे आहे तसे सांगतो. एक कुटुंब पुण्याला गेलेले निघाले, तेथे ते नियमित उपासनेला जातात. आम्हांला पत्ताच नव्हता. त्यांना पत्र देऊन नाव तिकडे पाठवले. एका तरुणाने स्वच्छ सांगितले की माझा आता विश्वास नाही, माझे नाव काढा. त्याचे नाव काढले, आणि ते त्याच्या शब्दाला मान देऊन काढले. कमिटीतले दोघे अजून त्याच्याकडे जातात. एक विधवा बहीण पुन्हा येऊ लागली. तिची अडचण एवढीच होती की सकाळच्या उपासनेच्या वेळी आंधळ्या सासूजवळ बसायला कोणी नव्हते. तीन वर्षांत हे आम्हांला विचारावेसे वाटले नाही.

काका आलेले नाहीत. २०२४ च्या कापणीच्या सणाला त्यांनी शेजारच्या मुलाबरोबर एक टोपली पाठवली. चार दोडके, लाल माठाची जुडी आणि वर काकडीच्या बियांची एक पुडी. अर्पणाचा लिलाव झाला, दोडके आणि माठ विकले गेले. पुडी मात्र पाळकसाहेबांनी लिलावात घालू दिली नाही. ते बी जून २०२५ मध्ये देवळामागच्या भिंतीलगत लावले. बारा टाकले, सात उगवले. त्याआधी फेब्रुवारीत काकांचे नाव पुन्हा कमिटीपुढे आले होते, आणि तेव्हा एक गंभीर वाद झाला. माळ्याने एकच वर्ष मागितले होते. दुसरे मागण्याचा त्याला अधिकार आहे काय? दाखल्यात पुढे काय झाले हे प्रभूने सांगितलेले नाही. नियम तो नियम म्हणणारे आमच्यात आहेत, आणि त्यांना मी दोष देत नाही. माझे मत मी नोंदवले : खणण्याचे काम पुरे झाले असे खणणाऱ्याला वाटत नसेल, तर त्याने पुन्हा मागावे. नाव आज यादीत आहे.

हा पाठ मंडळीत घ्यायचा असल्यास शक्य तर देवळात घेऊ नये, कोणाच्या तरी परड्यात घ्यावा. लूक १३:१-९ दोनदा मोठ्याने वाचावे. दुसऱ्यांदा वाचताना धन्याची क्रियापदे एकाने व माळ्याची दुसऱ्याने सांगावी. मग एवढेच बोलावे : आपल्या सभासदयादीत तीन वर्षे न दिसलेली नावे कोणती, त्या प्रत्येकाच्या घरी आपल्यापैकी शेवटचे कोण गेले होते, आणि त्या वेळी हातात काय होते?